लाखनीच्या दारातलं आरोग्यखातं

नागपूरहून रायपूरकडे जाणारा रस्ता इंग्रजी अमदानीच्या कागदांत ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ या नावानं येतो. भंडारा मागं टाकून साकोलीकडे निघालं की मधल्या वाटेवर लाखनी लागतं. दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, मध्येच एखादा मालगुजारी तलाव, पलीकडे चुलबंद नदीचं खोरं. आज याच रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ म्हणतात आणि त्यावरून कोलकात्याचे ट्रक धावतात. दोनशे वर्षांपूर्वी इथून पलटणी जात, यात्रेकरू जात, बैलांचे तांडे जात, आणि त्यांच्यासोबत पटकीही जाई. १८१७ मध्ये बंगालात उसळलेली पटकीची साथ १८१८ च्या उन्हाळ्यात नागपुरात पोचली होती. सरकारला खेड्यातल्या माणसाच्या दुखण्याची दखल घ्यावीशी वाटली, त्यामागं हेच रस्ते होते. पलटण ज्या गावाशेजारी तळ टाकणार, त्या गावाची विहीर कशी आहे हे कुणीतरी पाहणं भाग होतं.

नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५३-५४ मध्ये खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि लाखनीच्या आरोग्याचा कारभार नागपूरच्या कचेरीत गेला. १९५० मध्ये प्रांताचं मध्य प्रदेश राज्य झालं. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भाचे जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. गाव जागचं हललं नाही, पण त्याच्या फायलींचा पत्ता बदलत राहिला. दर वेळी नवा मंत्री, नवं खातं, नवे फॉर्म. या सगळ्या उलथापालथीत लाखनीच्या माणसानं मंत्रालय क्वचितच पाहिलं. त्यानं पाहिला तो खात्याचा शेवटचा माणूस, म्हणजे कोतवाल, देवी काढणारा, फवारणीवाला, नर्सबाई, आशाताई. सरकारी आरोग्यसेवा या भागात जिथं टिकली तिथं ती या माणसांच्या पुन्हा पुन्हा येण्यानं टिकली. जिथं मोडली तिथं बहुतेकदा वरून आलेल्या एखाद्या घाईच्या हुकमानं मोडली.

सुरुवात कोतवालापासून करायला हवी. मध्य प्रांतात जन्ममृत्यूची नोंद गावच्या कोतवालाकडे होती. त्याच्याकडे एक वही असे. गावात मूल जन्मलं, कुणी वारलं, की त्या वहीत भर पडे. कोतवाल स्वतः लिहिता-वाचता नसेल तर मास्तर किंवा पटवाऱ्याकडून भरून घेई, आणि ठरल्या दिवशी ठाण्यावर जाऊन ती दाखवी. तिथल्या मुन्शीनं आकडे उतरवून घेतले की ते तहसिलीत, मग जिल्ह्यात, मग नागपूरला सॅनिटरी कमिशनरकडे जात. मृत्यूच्या कारणांचे रकाने ठरलेले होते. पटकी, देवी, हगवण, ताप, अपघात, इतर. सगळ्यात मोठा रकाना कायम तापाचा. हिवतापानं गेलेला, टायफॉइडनं गेलेला, बाळंतरोगानं गेलेली, सगळे त्या एका रकान्यात जमा होत. आजचा डॉक्टर ते आकडे पाहून हळहळेल, पण अख्ख्या प्रांताच्या आरोग्याचं चित्र उभं राहिलं ते याच वह्यांवर.

कोतवाल बहुधा महार समाजातला असे. ज्या गावाच्या विहिरीला त्याला हात लावता येत नव्हता, त्या गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं याची पहिली सरकारी साक्ष त्याची होती. पटकीची खबर ठाण्यावर आधी पोचायची तीही त्याच्याच पायांनी. त्याची खबर मिळाल्यावरच विहिरीत टाकायला ते जांभळं औषध, पोटॅशियम परमँगनेट, गावात येई. आग्र्याला हँकिन नावाच्या शास्त्रज्ञानं १८९० च्या दशकात हा उपाय प्रचारात आणला आणि पुढे तो देशभर पसरला. पाणी लालसर होईतो औषध घालायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळपर्यंत कुणी उपसायचं नाही. मध्य प्रांताच्या आरोग्यखात्याच्या इतिहासात या वहीवाल्या माणसाला फार थोडी जागा मिळाली आहे, आणि हे चूक आहे.

मग दुष्काळ आले. १८९६-९७ आणि १८९९-१९००. १८९१ च्या शिरगणतीत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ७,४२,८५० होती. १९०१ मध्ये ती ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांत जिल्हा वाढण्याऐवजी अकरा टक्क्यांनी घटला. यातले सगळेच भुकेनं गेले असं नाही. भुकेनं खंगलेल्या शरीरावर ताप, हगवण आणि पटकी बसली आणि रकाने भरत गेले.

याच दुष्काळानं सरकारला लाखोळी या कडधान्याकडे पाहायला लावलं. ती हकिकत सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आरोग्यखातं एखाद्या मुलखाच्या ताटात हात घालतं तेव्हा काय होतं, ते तिच्यात दिसतं. धान कापायच्या थोडं आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळीचं बी फेकायचं ही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची जुनी रीत. नांगरट नाही, पाणी देणं नाही, खत नाही. धान निघालं की खालून लाखोळी वर येते. हिरवी असताना तिची भाजी, पिकली की डाळ, उरलेलं कुटार बैलांना. जिथं दुसरं पीक घ्यायला पाणी नाही तिथल्या गरिबाला हिनंच तारलं. पाऊस दगा देतो त्या सालीही ही तग धरते, आणि अडचण नेमकी तिथंच सुरू होते. धान बुडालं की माणसं महिनोन्‌महिने जवळपास लाखोळीवरच जगतात. अशा वेळी काही धडधाकट तरुणांचे पाय अवघडतात, गुडघे ताठरतात, काठीशिवाय चालता येत नाही, आणि पुढे ते कायमचेच अधू होतात. वैद्यकात याला लॅथिरिझम म्हणतात. दुष्काळाच्या सालांत मध्य प्रांतात असे पांगळे झालेले लोक इतके दिसू लागले, की इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या मेजर बुकॅनन यांनी १८९६ ते १९०२ या काळातल्या लॅथिरिझमचा स्वतंत्र अहवाल तयार केला.

दाण्यातलं नेमकं विष कोणतं, हे १९६० च्या दशकात भारतीय शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. त्याचं नाव ओडॅप. पण बंदी त्याच्याही आधी आली. १९६१ पासून, अन्नभेसळीच्या कायद्याखाली, लाखोळीच्या विक्रीवर बंदी होती. पेरायला मनाई नव्हती, खायला नव्हती, फक्त विकायला होती. परिणाम जो व्हायचा तोच झाला. भंडारा, चंद्रपूर भागातला शेतकरी लाखोळी पेरतच राहिला, घरी खात राहिला, आणि विकायची वेळ आली की पडेल भावानं गुपचूप विकत राहिला. डाळ पुढे जाऊन बेसनात मिसळली गेली ती वेगळीच. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं तर विषाचा बराच भाग निघून जातो. ताटात भात, इतर डाळी, भाज्या असल्या तर थोडी लाखोळी बाधत नाही. हे दोन मुद्दे घरोघर सांगणं हे आरोग्यखात्याचं काम होतं. त्याऐवजी खात्यानं बाजारात शिपाई पाठवला. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला, उपोषणं केली. शेवटी २००८ मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. विष कमी असलेले वाणही आता आले आहेत. पण जवळपास पन्नास वर्षं या भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला स्वतःचं पीक चोरासारखं विकावं लागलं, याचा हिशेब कुठल्याच अहवालात नाही.

देवीच्या लसीची गोष्ट याच्या अगदी उलट. हिंदुस्थानात पहिली लस मुंबईला १८०२ च्या जूनमध्ये तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. मध्य प्रांताच्या खेड्यांत ती पोचायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लागली. १८८० च्या लसीकरण कायद्याची सक्ती नगरपालिका आणि छावण्यांपुरती होती, म्हणजे लाखनीसारख्या गावात लस टोचून घ्यायची तर राजीखुशीनंच. देवी काढणारा माणूस हिवाळ्यात गावोगाव फिरे. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातली लस काढून दुसऱ्या मुलाला टोचायची, अशी जुनी पद्धत होती. आठवड्यानं तो परत येई, फोड नीट आला का पाहून वहीत खूण करी, आणि त्याच फोडातून पुढच्या गावासाठी लस घेई. आयांना हे मुळीच आवडत नसे. आपल्या लेकराचं रक्त काढून नेतात म्हणून त्या पोरं लपवत. पुढे वासरांवर तयार केलेली लस आली आणि हा तंटा मिटला. हळूहळू दंडावरचा तो गोल वण अख्ख्या पिढ्यांची ओळख झाला.

१९१८ च्या शरदात इन्फ्लुएंझा आला. देशात त्याचा सर्वाधिक फटका बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत वरच्या क्रमांकावर होता. पाऊस आधीच फसला होता. ऐन धान कापायच्या दिवसांत घरंच्या घरं अंथरुणाला खिळली. नोंद ठेवणारेच आजारी पडल्यावर नोंद तरी कोण ठेवणार? त्या सालचे आकडे म्हणूनच कमी धरून वाचावे लागतात.

त्याच साथीनंतर, १९१९ मध्ये, ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आरोग्यमंत्रालय नावाची स्वतंत्र गोष्ट जन्माला आली. हिंदुस्थानात त्याच वर्षीच्या सुधारणा कायद्यानं सार्वजनिक आरोग्य हे खातं प्रांतांतल्या देशी मंत्र्यांकडे सोपवलं. तिजोरीची किल्ली मात्र गव्हर्नरकडेच राहिली. १९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली आणि नागपूरला काँग्रेसचं मंत्रिमंडळ बसलं. त्याचे पंतप्रधान, तेव्हा प्रांताच्या मुख्याला हाच शब्द होता, डॉ. नारायण भास्कर खरे. ते स्वतः डॉक्टर. त्यांचं मंत्रिमंडळ वर्षभरातच पक्षाच्या भांडणात कोसळलं आणि डॉक्टरच्या हातात प्रांत असण्याचा लाभ खेड्यांना मिळता मिळता राहिला.

खरा आराखडा आला तो १९४६ मध्ये, आणि तो आखणारा माणूस नाशिकचा होता. सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९४३ मध्ये सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी समिती नेमली. समितीनं सांगितलं की उपचार आणि प्रतिबंध ही दोन कामं दोन खात्यांत तोडू नका. खेड्याजवळ एकच केंद्र असू द्या, तिथंच डॉक्टर, तिथंच सुईण, तिथंच लस, आणि कुणाच्या खिशात पैसे नाहीत म्हणून तो परत जाता कामा नये. सुरुवातीला चाळीस हजार वस्तीमागं असं एक केंद्र. आजचं प्राथमिक आरोग्य केंद्र या अहवालातून आलेलं आहे. स्वातंत्र्यानंतर राजकुमारी अमृत कौर देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या आणि १९५२ च्या गांधीजयंतीला समूह विकास योजनेसोबत अशी केंद्रं उघडायला सुरुवात झाली. घटनेनं सार्वजनिक आरोग्य आणि दवाखाने राज्यांच्या यादीत घातले, म्हणजे लाखनीचा दवाखाना दिल्लीचा नव्हे, राज्याचा विषय ठरला.

मध्यंतरी एक प्रयोग होऊन गेला, तो आता फारसा कुणाला आठवत नाही. १९४८ मध्ये मध्य प्रांतात द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकारानं जनपद सभा सुरू झाल्या. जिल्ह्याऐवजी तहसील हा स्थानिक कारभाराचा पाया धरायचा, ही त्यामागची कल्पना. साकोली तहसील, म्हणजे लाखनीसुद्धा, त्यात आली. गावाला आपलं गाऱ्हाणं घेऊन भंडाऱ्याला जायला नको, साकोलीलाच दाद मागता यावी, हा विचार चांगला होता. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि जनपद सभा इतिहासजमा झाल्या.

जिल्हा परिषदेनं मात्र एक असा पेच निर्माण केला, जो लाखनीत आजही उघड्या डोळ्यांनी दिसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची, त्यांचा प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारचं, त्याचा प्रमुख जिल्हा शल्यचिकित्सक. लाखनीच्या ग्रामीण रुग्णालयातला डॉक्टर एका साहेबाला उत्तर देतो, आणि तालुक्यातल्या केंद्रातला डॉक्टर दुसऱ्याला. उपकेंद्रात अडलेली बाई केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून भंडाऱ्याला जाते, तेव्हा तिला माहीतही नसतं की वाटेत तिनं दोन सरकारांची हद्द ओलांडली. औषधांची मागणी वेगळी, बदल्या वेगळ्या, अहवाल वेगळे. भोर समितीनं जे तोडू नका म्हटलं होतं ते असं वेगळ्या जागी तुटलं. कुठलंही रुग्णालय नवं बांधण्याआधी या दोन साहेबांना एका टेबलाशी बसवणं जास्त गरजेचं आहे, असं या भागात काम केलेले डॉक्टर खाजगीत सांगतात, आणि त्यांचं म्हणणं पटतं.

हिवतापवाल्यांची आठवण मात्र सगळ्या म्हाताऱ्या माणसांना आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. पाठीला पंप बांधून फवारणीवाले गावात येत. भांडीकुंडी, धानाच्या ढोल्या, बाजा बाहेर काढायच्या, मग भिंतींवर डीडीटीचा पांढुरका थर बसे. घर सारवायचं नाही अशी ताकीद असे, कारण शेणानं सारवलं की औषध झाकलं जातं. सण तोंडावर आला की बायका सारवायच्याच. फवारणीनंतर पाळतीवरचा कामगार दर पंधरा दिवसांनी येई. दाराशेजारी भिंतीवर ठशानं छापलेली चौकट असे, तिच्यात तो आल्याची तारीख टाकी. ताप असलेल्याच्या बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेई आणि क्लोरोक्विनच्या चार गोळ्या हातावर ठेवी. लोक दारावरची ती तारीख वाचून सांगत, परवाच येऊन गेला. साठच्या दशकाच्या मध्यावर देशातले रुग्ण लाखभरावर आले.

आणि मग खात्यानं आपला विजय झाला असं मानलं. पैसा आटला, डासांना डीडीटी पचू लागलं, भिंतीवरच्या तारखा जुन्या होत गेल्या. १९७६ मध्ये देशात चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले.

तेच साल सक्तीच्या नसबंदीचंही. महाराष्ट्र विधिमंडळानं त्या वर्षी कुटुंबाचा आकार कायद्यानं बांधून टाकणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मोहोर त्यावर उमटली नाही, एवढंच नशीब. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, नर्सबाईंना केसेस आणण्याचे आकडे ठरवून दिले होते. ज्या बाईनं गावात पाच-सात वर्षं बाळंतपणं करून विश्वास कमावला, तिला पाहून पुरुष शेतात पळू लागले. त्या विश्वासाचं जे नुकसान झालं ते भरून काढायला पुढची वीस वर्षं गेली.

देवीचं उच्चाटन मात्र याच काळात, शांतपणे आणि पक्कं झालं. दोन टोकांची साधी सुई आली, एका कुपीत पूर्वीच्या चौपट लोकांना लस पुरू लागली. सगळ्यांना टोचत सुटण्याऐवजी रुग्ण शोधायचा, त्याच्याभोवतीचं प्रत्येक घर टोचायचं, अशी पद्धत ठरली. देवी आलेल्या मुलाचा फोटो असलेलं कार्ड घेऊन कामगार शाळेत, आठवडी बाजारात विचारत फिरत, असं तोंड कुणी पाहिलंय का? शेवटी शेवटी खबर देणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस होतं. १९७५ च्या मे महिन्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त जाहीर झाला. कोतवालाच्या वहीतला एक रकाना कायमचा बंद झाला.

लाखनीसारख्या गावाच्या बाजूनं विचार करताना एका लहान देशाकडे पाहण्याचा मोह होतो. मॉरिशस. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२,००,३३४. मॉरिशसची साधारण तेवढीच, थोडी अधिक. शिवाय एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी, सातारा भागातून ऊस तोडायला गेलेल्या मराठी मजुरांची पाचवी-सहावी पिढी तिथं आहे, तिची मंदिरं आहेत, मंडळं आहेत. १८६७ मध्ये हिवतापाच्या साथीनं त्या बेटावर हजारो माणसं गेली, त्यांत आपले लोकही होते. डास आणि हिवताप यांचं नातं शोधणारे रोनाल्ड रॉस १९०७-०८ मध्ये तिथं जाऊन पाहणी करून आले. दुसऱ्या महायुद्धानंतर फवारणी झाली आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं मॉरिशसला हिवतापमुक्त म्हटलं. १९७५ च्या चक्रीवादळानंतर रोग पुन्हा घुसला. तेव्हा तिथल्या आरोग्यमंत्रालयानं पुन्हा कंबर कसली, वीसेक वर्षं चिकाटी धरली आणि १९९८ पासून बेटावर स्थानिक हिवताप उरला नाही. आजही हिवतापाच्या देशातून, भारतातूनसुद्धा, विमानानं उतरलेल्या प्रवाशाचा पत्ता विमानतळावर लिहून घेतला जातो आणि आरोग्यखात्याचा माणूस त्याच्या घरी जाऊन ताप आहे का विचारतो. म्हणजे तिथं दारावरची तारीख अजून टाकली जाते. भंडारा जिल्ह्याएवढ्या वस्तीला तिथं स्वतःचा आरोग्यमंत्री आहे, आणि बेटावरच्या कुठल्याही गावातून त्याच्या कचेरीत सकाळी निघून दुपारी परत येता येतं. लाखनीचा आरोग्यमंत्री सुमारे नऊशे किलोमीटरवर मुंबईला बसतो.

हत्तीरोगाच्या बाबतीत हे अंतर फार जाणवतं. पूर्व विदर्भात तो जुना आहे. त्याचा डास तलावापेक्षा गटाराच्या, सांडपाण्याच्या डबक्यात जास्त वाढतो, म्हणून गाव वाढलं, नाल्या तुंबल्या, की हा रोगही वाढतो. रोगाचे सूक्ष्म जंतू रात्री रक्तात फिरतात. त्यामुळं हत्तीरोग विभागाचे कर्मचारी रात्री साडेआठनंतर, माणसं जेवून बाजेवर टेकली की रक्त घ्यायला दार वाजवतात. राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ चा, सामूहिक औषधोपचार २००४ पासूनचा. भंडाऱ्यात गोळ्या वाटणं अजून चालू आहे. श्रीलंकेनं २०१६ मध्येच या रोगाचं दुरीकरण झाल्याचं प्रमाणपत्र मिळवलं. फरक मुख्यतः गोळीत नाही. फरक ती गिळण्यात आहे. आपल्याकडे वर्षानुवर्षं गोळ्या वाटल्या गेल्या आणि त्या फळीवर, देव्हाऱ्यात, गादीखाली पडून राहिल्या, कारण पाय सुजलेला नसताना औषध का घ्यायचं हे सांगणारा माणूस घाईत होता. आता ‘समोर गिळा’ हा नियम केला आहे. त्या गोळ्यांतल्या आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीवर ठरते, म्हणून आशाताई मोजपट्टी लावलेली काठी सोबत नेतात. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, फार आजारी माणूस यांना वगळायचं. बाकी प्रत्येकानं तिच्यासमोर पाणी प्यायचं.

ही आशाताई २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. हजार वस्तीमागं एक, गावातलीच सून किंवा लेक, पगार नाही, सुरुवातीला कामागणिक मोबदलाच. तिच्या कामातला एक मोठा भाग शेजारच्या गडचिरोलीतून आलेला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथल्या खेड्यांतल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, न्यूमोनिया ओळखायला, वेळ पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. २०११ पासून देशभरच्या आशा दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा आणि घरी जन्मलेल्या बाळाला सात भेटी देतात. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. बाळाचा श्वास मिनिटभर मोजायचा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. २०२४ च्या जानेवारीत याच आशा मानधनवाढीसाठी महाराष्ट्रभर संपावर होत्या. मार्चमध्ये राज्यानं दरमहा पाच हजारांची वाढ मान्य केली. गौरवपत्र आणि संप यांत दोन वर्षांचंही अंतर नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती. सात वाचवता आली, दहा गेली. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून आयांनी ज्यांना मोठ्या विश्वासानं तिथवर आणलं होतं, ती. गावपातळीवरच्या बाईनं वजन घेऊन, श्वास मोजून, समजूत घालून बाळ वरच्या दवाखान्यात पाठवायचं, आणि वरच्या दवाखान्यात विजेच्या तारेकडे कुणी पाहिलेलं नसावं, याहून मोठी विटंबना त्या बाईच्या कामाची होऊ शकत नाही. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. काही महिन्यांतच कोरोनाची दुसरी लाट आली. त्याच जिल्ह्यानं, त्याच कर्मचाऱ्यांनी, घरोघर जाऊन ताप विचारत ती थोपवली, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये शेवटचा रुग्ण बरा झाल्यावर भंडारा राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा ठरला.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळं मोफत आहे. भोर समितीचं खिशातल्या पैशांबद्दलचं वाक्य सत्त्याहत्तर वर्षांनी कागदावर उतरलं. लाखनीच्या खिडकीवर आता केसपेपरचे पैसे लागत नाहीत. डॉक्टरांच्या रिक्त जागा भरल्या जातात का, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

सध्या लाखनी तालुक्याच्या पुढ्यात असलेलं मोठं काम सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं. सरकारी मोहिमेला त्यानंतर अर्धशतक लागलं. महाराष्ट्रानं २००८ च्या सुमारास कार्यक्रम सुरू केला, केंद्रानं १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहीम जाहीर केली आणि २०४७ ची मुदत घातली. शाळेत, उपकेंद्रात बोटाला टोचून थेंबभर रक्ताची तपासणी होते. शंका आली की पुढची तपासणी, मग हातात कार्ड. आई आणि वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला रोग होण्याचा संभव चारात एक. म्हणून लग्न ठरण्याआधी दोन्हीकडची कार्डं जुळवून पाहावीत, असं आशाताईला घरोघर सांगायचं आहे. पत्रिका पाहणाऱ्या घरात, मुलीला दोष लागेल या भीतीनं कार्ड पेटीच्या तळाशी लपवणाऱ्या आईला ते पटवायचं आहे. त्यासाठी तिला त्या एका घरी किमान चार वेळा जावं लागतं. मोबदल्याच्या तक्त्यात मात्र या चार फेऱ्यांना जागा नाही.